भांडारातील सूची आणि संकेतस्थळावरील शोध
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा पाठ)



ग्रंथ जपण्याचे कौतुक जैन समाजाला नवे नाही. खंभात, पाटण, जेसलमेर, मूडबिद्री, आपल्या विदर्भातील कारंजा अशा ठिकाणच्या भांडारांत हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. परंतु एखादी वस्तू जपलेली असणे आणि ती हवी तेव्हा सापडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकात तत्कालीन मुंबई सरकारने हस्तलिखितांचा शोध हाती घेतला. ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पीटर पीटर्सन यांनी भांडारे पाहिली, याद्या केल्या, अहवाल छापले. सरकारी संग्रह पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आला. याद्या वाढल्या तसा नवाच पेच उभा राहिला. प्रत्येक भांडाराची याद वेगळी, क्रमांकाची पद्धत वेगळी. एका ग्रंथाच्या प्रती कोठे कोठे आहेत हे जाणण्यासाठी अभ्यासकाला याद्यांचाच ढीग उपसावा लागे.

हा पेच मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक हरि दामोदर वेलणकर यांनी सोडविला. त्यांच्या ‘जिनरत्नकोश’ या ग्रंथाचा पहिला खंड 1944 साली भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. ग्रंथनामे वर्णानुक्रमाने लावलेली. प्रत्येक नावाखाली कर्ता, टीका आणि ती प्रत कोणत्या यादीत कोणत्या क्रमांकावर आहे याचा निर्देश. वेलणकर जन्माने जैन नव्हते, हे येथे आदराने नमूद करावयास हवे. आजही जैन वाङ्मयाचा अभ्यासक प्रथम हा कोश उघडतो.

संकेतस्थळावरील अंतर्गत शोधसुविधा म्हणजे तत्त्वतः हेच काम होय. संगणक प्रत्येक वेळी सारी पाने वाचीत बसत नाही. तो आधीच शब्दांची सूची करून ठेवतो आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे हे त्या सूचीत पाहून सांगतो. न्यासाचे संकेतस्थळ दहा-बारा पानांचे असते तोवर डाव्या बाजूची अनुक्रमणिका पुरते. पुढे चातुर्मासातील प्रवचने, शिष्यवृत्तीचे अर्ज, देणगीदारांच्या याद्या आणि जुन्या स्मरणिका यांची भर पडते, आणि अनुक्रमणिकेचेच जंगल होते. अँटॉप हिलचा परिसर तर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतींचा. बदली होऊन कुटुंबे येथे आली, काही वर्षे राहिली आणि दूर गेली. अशा कुटुंबातील मुलाला आजोबांचा लेख वाचावासा वाटला, तर तो कपाट उघडावयास येथे येऊ शकत नाही. त्याच्या हाती शोधाची चौकट हवी.

आता खरी अडचण. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिका ज्या संगणकीय टंकांत जुळविल्या गेल्या, त्यांपैकी अनेकांत पडद्यावर ‘महावीर’ दिसे, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गुंता साठविलेला असे. त्याहून जुने अंक छायाचित्ररूपाने चढविले, तर त्यांत यंत्राच्या दृष्टीने एकही अक्षर नसते. अशा संकेतस्थळाला कितीही उत्तम शोधयंत्र जोडले तरी उत्तर एकच येते : ‘काही आढळले नाही’. वाचक समजतो, लेखच नाही. लेख असून नसल्यासारखा होणे ही भांडाराला वाळवी लागण्याइतकीच मोठी हानी आहे. म्हणून जुना मजकूर प्रथम युनिकोडमध्ये आणावा लागतो. छायाचित्रांतील अक्षरे ओळखणारी साधने मराठीसाठीही उपलब्ध आहेत. मात्र जोडाक्षरांत ती चुकतात आणि कोणी जाणत्याने ताळा पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला फलकावर नाव लागत नाही.

यानंतर शब्दांचा प्रश्न. कोणी ‘णमोकार’ लिहितो, कोणी ‘नवकार’. कोणाचे ‘पार्श्वनाथ’, कोणाचे ‘पारसनाथ’. श्वेतांबर घरात ‘पर्युषण’ म्हणतील तेथे दिगंबर घरात ‘दशलक्षण’ म्हणतील. ही दोन पर्वे एक नव्हेत, तरी शोधणाऱ्याला दोन्ही समोर ठेवलेली बरी. ‘तीर्थंकर’ अनुस्वाराने लिहिले काय किंवा ‘तीर्थङ्कर’ असे लिहिले काय, माणसाला एकच, यंत्राला दोन. त्यात मराठीच्या विभक्ती. ‘पूजा’ शोधणाऱ्याला ‘पूजेला’ आणि ‘पूजेच्या’ सापडावयास हवे, पण अक्षरशः जुळवू पाहणाऱ्या यंत्राला ‘पूजा’ आणि ‘पूजेला’ यांचे नाते ठाऊक नसते. तंत्रज्ञ सामान्यरूपांचे नियम घालू शकतील. पर्यायी शब्दांची यादी मात्र समाजातील वडीलधाऱ्यांनी व पाठशाळेच्या शिक्षिकांनीच करून द्यावी लागेल.

आणखी एक बाब, आणि ती लहान नाही. समाजाच्या छापील परिचयपुस्तिकेत कुटुंबाचा पत्ता, दूरध्वनी, विवाहयोग्य मुलींची वये असत. पुस्तिका घरातच राही. तोच मजकूर शोधाच्या चौकटीमागे आला की कोणीही अनोळखी माणूस एका शब्दाने तो मिळवू शकतो. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने 2023 साली संमत केला. परंतु कायदा नसता तरीही वैद्यकीय मदत घेणाऱ्या कुटुंबाचे नाव इतिवृत्तातून शोधात यावे, हे अहिंसेला मान्य झाले नसते. अशी पाने सूचीतून वगळावीत आणि ती उघडण्यासही मर्यादा असावी. केवळ वगळलेले पान दुवा हाती असलेल्याला दिसतेच. शोधलेल्या शब्दांची नोंदही नावाशिवाय ठेवावी. तीत उत्तर न मिळालेले शब्द दरमहा एका कार्यकर्त्याने पाहिले, तर कोणत्या पानाची वा कोणत्या पर्यायी शब्दाची उणीव आहे ते आपोआप कळते.

आरंभ स्मरणिकांपासून करणे सोयीचे ठरेल. प्रथम प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका, म्हणजे लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव आणि वर्ष एवढेच टंकून घ्यावे. पूर्ण मजकूर मागाहून येत राहील. वेलणकरांच्या कोशातही ग्रंथ नव्हते, त्यांचे पत्तेच होते.