शस्त्रक्रियेआधीची धास्ती आणि चित्रफीत

शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाची धास्ती ही केवळ मनाची बाब नसते. तिच्यामुळे ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके, म्हणजे शरीराला सावध करणारी द्रव्ये, रक्तात वाढतात, नाडीचे ठोके व रक्तदाब चढतो आणि भूल देणेही अवघड होऊन बसते. या धास्तीवर माहिती हा उतारा ठरतो, हे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते: पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रुग्णांपैकी ज्यांना नंतर कुठे व कसे दुखेल आणि ते कसे सोसावे हे भूलतज्ज्ञांनी समजावले होते, त्यांना वेदनाशामक औषध इतरांच्या सुमारे निम्मेच लागले. चित्रफीत हे त्याच समजावणीचे आजचे साधन होय.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात मात्र पुण्या-मुंबईच्या भाषेतली चित्रफीत पुरी पडणार नाही, कारण येथील घरांत वऱ्हाडी बोलली जाते आणि पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा तांड्यांवर गोरमाटी. घाबरलेल्या माणसाला धीर मिळतो तो त्याच्या घरच्या बोलीत. चित्रफितीत रक्त किंवा कापाकापी दाखवण्याची गरज नाही; रुग्णाला स्वतःला काय जाणवेल ते दाखवावे. सिझरसाठी कमरेत सुई देऊन अर्ध्या शरीराला भूल दिली जाते, तेव्हा पाय जड होतात, पण बाई जागी असते, तिला बोलणे ऐकू येते आणि पोटावर ओढल्यासारखे जाणवते. हे आधी ठाऊक नसेल, तर भूल चढलीच नाही असे वाटून ती हादरते. मोतीबिंदूच्या रुग्णाला चेहऱ्यावर टाकलेली चादर आणि डोळ्यापुढचा झगझगीत उजेड आधी पाहायला मिळाला, तर तो टेबलावर निश्चल राहण्याची शक्यता वाढते. उपाशी का राहायचे, हेही कारणासह सांगावे लागते: भूल चढल्यावर पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरू शकते.

सर्वांनाच सगळे जाणून घ्यायचे नसते. ॲमस्टरडॅममध्ये तयार झालेल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या सहा प्रश्नांच्या धास्तीमापन पट्टीतले दोन प्रश्न रुग्णाला माहिती कितपत हवी आहे याविषयीचेच आहेत, आणि तो विचार रास्त आहे. चित्रफीत शक्यतो आदल्या दिवशी, सोबत आलेल्या नातेवाइकांसह दाखवावी, आणि ती संपल्यावर परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी खाटेजवळ थांबून शंका ऐकाव्यात. संमतिपत्रावरचा अंगठा त्यानंतर घ्यावा.