पाणी तापविण्याचा विजेचा रॉड : घरच्या घरी तपासणी व दुरुस्ती



गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सोलापूर भागात पहाटेचा गारठा बोचू लागतो आणि माळ्यावर टाकलेला रॉड खाली येतो. तुराट्या घालून बंब पेटविणारी घरे अजून आहेत; पण बादलीत सोडायचा विजेचा रॉड आता वस्तीवस्तीवर पोहोचला आहे. वर्षभर पडून असलेला हा रॉड तसाच पाण्यात सोडू नका. आधी तो तपासा.

आपल्याकडील बहुतेक बोअरचे पाणी जड. पाणी तापले की त्यात विरघळलेला चुना वेगळा होऊन रॉडवर पांढरा थर धरतो. डाळिंबाला ठिबक असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ड्रिपरच्या तोंडाशी बसतो तोच हा क्षार. रॉडमध्ये बाहेर धातूची नळी, मध्ये तापणारी तार आणि दोहोंमध्ये वीज अडविणारी पांढरी भुकटी असते. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, तार आतल्या आत जादा तापते, नळीलाही चीर जाते. मग पाणी उशिरा तापते आणि मीटर मात्र पळत राहतो.

थर काढण्यासाठी प्लग काढून रॉड थंड होऊ द्यावा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून रॉडचा फक्त धातूचा भाग त्यात दोन-तीन तास बुडवावा. फेस येऊन थर सुटेल. राहिलेला नायलॉनच्या ब्रशने घासावा व रॉड स्वच्छ धुवावा. विळ्याने खरवडू नये, हातोडीने ठोकू नये. ठिबकसाठी आणलेले तीव्र आम्ल तर मुळीच वापरू नये. ते चुन्याबरोबर नळीही खाते.

रॉड पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटर घ्यावा. मोटारीसाठी तो पुष्कळांकडे असतोच. प्लगच्या दोन मुख्य पिनांमध्ये १००० वॅटच्या रॉडला सुमारे ५३ ओहम आणि १५०० वॅटच्या रॉडला सुमारे ३५ ओहम रोध दिसावा. काहीच दिसले नाही तर वायर किंवा आतली तार तुटली आहे. वायर, प्लग बदलता येतो. नळीतली तार बदलता येत नाही.

आता खरी तपासणी. मीटरचे एक टोक मुख्य पिनेला व दुसरे रॉडच्या धातूला लावावे. मग दुसरी मुख्य पिन घेऊन तसेच पाहावे. सर्वांत मोठ्या रेंजवरही काटा किंवा आकडा हलता कामा नये. हलला, तर तो रॉड कितीही चांगला तापत असला तरी मोडीत घालावा. "पाणी तर तापतंय, जरा मुंग्या येतात एवढंच," असे अनेकजण सांगतात. त्या मुंग्या म्हणजे पाण्यात उतरलेली वीज आहे. मीटरवर रॉड ठीक दिसला तरी मुंग्या आल्या असतील, तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्यावा.

अशा वेळी माणूस वाचतो तो अर्थिंगमुळे. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते, मुरमाड माळ तर लवकरच कोरडा पडतो. मग अर्थिंग असून नसल्यासारखे. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. न्यूट्रल तुटली म्हणून एक फेज आणि अर्थिंगवर घर चालविण्याची खोड काही वस्त्यांवर आहे. ती आजच सोडा, कारण त्यात अर्थला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या भांड्यात वीज उतरू शकते.

१५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणून १६ अँपिअरचाच तीन पिनांचा सॉकेट हवा. बादली प्लॅस्टिकची घ्यावी आणि रॉडवरील खुणेपर्यंत पाणी भरल्यावरच बटण दाबावे. पाणी तापले का, हे बोट घालून कधीही पाहू नये. बटण बंद करून प्लग काढावा, रॉड बाहेर घ्यावा, मगच हात लावावा. ही सवय घरातल्या मुलांना अवश्य लावा.

गिझर असेल तर मुख्य स्विच बंद करून टाकीतला क्षार मेकॅनिककडूनच काढून घ्यावा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून त्याला बूच मारू नये, टाकी फुटेल. तापमान ५०-५५ अंशांवर ठेवले तर क्षारही कमी बसतो.

शेवटी खर्चाचे एक काम सांगतो. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्या. साधा एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट पाहतो, अंगातून जाणारी वीज त्याला कळत नाही. आरसीसीबीवर टेस्टचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला नाही, तर त्या दिवशी रॉड लावू नका.