स्वागताध्यक्षीय भाषण : सोलापूर आणि त्याचे स्वयंसेवक

मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा सोलापुरात रोजच्या देवाणघेवाणीत आहेत. कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर असल्याने कन्नड इथे मुळातलीच. तेलुगू आली ती हातमागाच्या मागोमाग. तेलंगणातले पद्मशाली विणकर पिढ्यान्पिढ्या इथे येत राहिले. १८७७ च्या सुमारास गावाच्या तोंडी ‘जुनी मिल’ म्हणून रुळलेली कापडगिरणी सुरू झाली आणि भोंग्यावर उठणारे-झोपणारे शहर वाढत गेले. पूर्व भागात आजही घराघरांतून तेलुगू कानी पडते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. माणसे मात्र राहिली. चादर, टॉवेल आणि विडी यांवर अनेकांची चूल पेटत राहिली.

या शहराचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे १२ व्या शतकातले शिवशरण, वचने लिहिली ती कन्नडमध्ये. मंदिराभोवतीचे तळे त्यांनी भक्तांच्या श्रमातून खोदवून घेतले, असे परंपरा सांगते. लोकांच्या उपयोगाचे काम हीच पूजा, हा शरणांचा विचार इथे पोथीत न राहता पाण्याच्या रूपाने समोर दिसतो.

संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची यात्रा या विचाराचा आजचा पुरावा मानावी लागेल. सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, शहरभर विखुरलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत. उंच, जड काठी तोल सांभाळत पेलणे हे नुसत्या ताकदीचे काम नाही. त्यासाठी यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून सराव चालतो. पांढरी बाराबंदी घातलेला तरुण पुढे सरकतो तेव्हा त्याची जात वा बोली कोणी विचारत नाही, सगळ्यांचे डोळे काठीच्या शेंड्याकडे असतात. दमलेल्याच्या हातून काठी दुसरा घेतो. मजुरी कोणालाच नाही.

अशी सवय अंगात भिनलेल्या शहराची परीक्षा मे १९३० मध्ये झाली. गांधीजींच्या अटकेची बातमी आली, ८ मे रोजी गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस सरकारी अंमल जवळजवळ उठला. तेव्हा रहदारी आणि शांतता सांभाळली ती काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि जूनअखेरपर्यंत शहर लष्कराच्या ताब्यात राहिले. या धामधुमीच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा चार घरांतली ही माणसे. सर्वधर्मसमभावावर इथे व्याख्यान देण्याची गरज सहसा पडत नाही, त्याचे हे एक कारण.

स्वयंसेवेला गावाची वेस नसते, हे दाखवणारा माणूसही याच मातीतला. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले. चिनी भाषा शिकले, एका चिनी परिचारिकेशी लग्न केले, आणि जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी वारले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तरी सोलापूरबाहेरच्या कित्येकांना त्यांचे गाव माहीत नसते.

हे सगळे असूनही सोलापूर म्हणजे काही रामराज्य नव्हे. पेठा आजही बऱ्याच अंशी समाजांनुसार वसलेल्या आहेत, सोयरिकी आपापल्या जातीत जमतात, भाषेभाषेतले गैरसमजही आहेत. फरक इतकाच की पाणी, आजारपण किंवा यात्रा अशी निकड आली की माणसे पेठ ओलांडतात. विविधतेचे कौतुक करताना हा फरक लहान समजू नये. ज्या संस्था नुसते उत्सव भरवतात त्यांच्यापेक्षा ज्या एकत्र काम घडवतात त्या अधिक टिकतात, असा येथील अनुभव आहे.

या संमेलनाचे यजमानपद अशा शहराकडे आले आहे. गावोगावहून आलेल्या कार्यकर्त्यांचे, पाहुण्यांचे आणि श्रोत्यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. पंगतीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी असेल. वाढणारे चारही भाषा बोलणारे असतील. सत्रांच्या मधल्या सुटीत या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आणि डॉ. कोटणीस यांच्या स्मारकाशी प्रत्येक प्रतिनिधीने एकदा जाऊन यावे, अशी समितीची विनंती आहे.