पट्ट्यावर बाईचं नाव
(महिला मेळाव्यातील भाषण)



विकास विकास सगळेच करतात. पण विकासाच्या कागदावर बाईचं नाव असतं का, एवढंच मी आज बोलणार आहे.

इंग्रजांनी १८७८ ला आणि १९२७ ला जंगलाचे कायदे केले. जंगल सरकारचं झालं, आपण आपल्याच रानात चोर ठरलो. मोहफुलं, कंद, लाकूडफाटा आणायला जास्त करून बाईच जाते. म्हणजे आधी तिच्याच हातचं गेलं. इंग्रज गेले, १९२७ चा कायदा राहिला.

मग धरण आलं. १९७९ च्या नर्मदा निवाड्यानं घरातल्या प्रत्येक सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरलं. सज्ञान मुलीला नाही. शेतात तीही राबली होती. पण कागद लिहिणाऱ्याला ती दिसली नाही.

बाहेरचे लोक म्हणतात, आदिवासी बाई मागासलेली, तिला शिलाई मशीन द्या. द्या ना. पण बी कोणतं राखायचं, कोणता कंद कधी खणायचा, हे तिला कोणी शिकवलं नाही. तिला जमिनीचा कागद पाहिजे.

आता आपल्या घरचं बोलू. आपल्यात हुंडा नाही, देज आहे, म्हणून बाई मोकळी असं आपण म्हणतो. पण पंच जमीन वाटतात तेव्हा मुलीला वाटा देतात का? १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्याला लागू नाही. आपली रीत वेगळी, ठीक आहे. मग ती रीत सुधारायचं काम पण आपलंच. विधवेची जमीन पाहिजे म्हणून तिला डाकीण ठरवतात, ते काही इंग्रज येऊन करत नाहीत.

२००६ चा वनहक्क कायदा आपण लढून मिळवला. त्यात कलम ४(४) आहे. नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावानं. एकटी बाई घर चालवते तर तिच्या एकटीच्या नावानं. हा पट्टा विकता येत नाही, वारसाला जातो. म्हणून आज नाव राहिलं तर पुढं भांडण ठरलेलं.

गावात गेल्यावर तीन कामं करा.

एक, प्रत्येक दावा वाचून बघा. बाईचं नाव नसेल तर घालायला लावा.

दोन, दंडाच्या पावत्या पुरुषांच्या नावावर आहेत म्हणून गप्प बसू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पण पुरावा असतो. त्यात लिहून घ्या की ही जमीन ह्या बाईनं कसली.

तीन, वनहक्काच्या ग्रामसभेला गावातले निम्मे लोक पाहिजेत, आणि आलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. रजिस्टर घरी आणून अंगठा मागितला तर देऊ नका. सांगा, आम्ही सभेला येतो, तिथंच बोलतो.

भावांनो, बायकोचं नाव लागलं म्हणून तुमची जमीन कमी होत नाही. जंगल खात्यासमोर एकाच्या जागी दोन मालक उभे राहतात.

जिंदाबाद!