रुमाल, फ्लॉपी आणि फोन



या व्याख्यानमालेत यापूर्वी बोलून गेलेली माणसं मोठी होती. मी बँकेत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे, संगणकातला जाणकार नाही. ‘माहिती, नवं तंत्रज्ञान आणि आपल्या तीन पिढ्या’ असा विषय मला दिला गेला, तेव्हा पहिला विचार आला तो नकाराचा. मग आठवला आमच्या घरातला रुमाल. त्याच्याबद्दल बोलता येईल, म्हणून होकार दिला.

तरुण मंडळींसाठी सांगतो, हा रुमाल खिशातला नव्हे. जुन्या दप्तरांत कागद एका चौकोनी कापडात बांधून ठेवत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा असेल, देवघराच्या वरच्या फळीवर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत. आमच्या रुमालात 43 कागद आहेत. काही मोडीत, काही उर्दूत, आणि काहींवर दोन्ही.

ते तसे का, हे या शहरात वेगळं सांगायला नको. निजामाच्या राज्यात 1884 च्या सुमारास दरबारची फारसी जाऊन उर्दू आली. कचेरीचा कागद उर्दूत आणि घरचा हिशेब मोडीत. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. दोन्ही लेखनं भरधाव लिहिण्याची. कारकुनी उर्दू-फारसीच्या वळणाला शिकस्ता म्हणत, म्हणजे मोडलेलं. मोडी हे नावही त्याच अर्थानं पडलं, असं काही अभ्यासक मानतात. दोन मोडलेल्या लिप्यांत आमच्या घराची शंभर वर्षं बांधलेली आहेत, आणि ती वाचणारा घरात एकच माणूस उरला होता, माझे थोरले काका. जन्म 1929 चा, मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण उर्दूतून, आणि मोडी आजोबांनी घरी गिरवून घेतलेली.

डिसेंबर 2019 मधल्या एका रविवारी माझ्या पुतणीनं हे मनावर घेतलं. ती गच्चीबावलीला एका कंपनीत काम करते. तिनं जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, प्रत्येक कागदाचा फोनवर फोटो काढला, आणि फोन उभा करून काकांना म्हणाली, “आजोबा, तुम्ही वाचा, मी रेकॉर्ड करते.” काका नव्वद वर्षांचे. कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागले. मग पुतणीनं फोटो बोटांनी मोठा करून दाखवला, तेव्हा म्हणाले, “हौ, हे बरं आहे.” त्यानंतर त्यांनी कागदाला हात लावला नाही, सगळं फोनवरच वाचलं. म्हाताऱ्या माणसांना यंत्र जमत नाही हे वाक्य मी तेव्हापासून उच्चारलेलं नाही. फोटो मोठा करायचा कसा हे मला ठाऊक होतं, पण त्यात काय लिहिलंय हे नव्हतं. त्या टेबलावर सगळ्यांत निरुपयोगी मीच होतो.

चौदावा कागद आला. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की अफझलगंजच्या बाजूला आमचं मोठं घर होतं आणि ते मुसीच्या पुरात वाहून गेलं. 28 सप्टेंबर 1908 चा तो पूर. चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली म्हणतात, ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या पुरात आमचं घर गेलं, असं आम्ही अभिमानानं सांगत आलो. चौदावा कागद त्याच घराचा गहाणखत निघाला. साल फसली 1321. काकांनी बोटांवर हिशेब केला. फसलीत 590 मिळवायचे, म्हणजे 1911. पुरानंतर तीन वर्षांनी घर जागेवर उभं होतं आणि ते गहाण पडत होतं.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग पुतणीला म्हणाले, “ते बंद कर. हे ग्रुपवर नको, बेटा.”

आमच्या कुटुंबाचा फोनवर ग्रुप आहे. नांदेड, परभणी, पुणे, न्यू जर्सी असे एकूण अडतीस जण. पुतणीला वाटलं, इतकी मोठी गोष्ट कळली, सगळ्यांना लगेच सांगितली पाहिजे. तिच्या पिढीला माहिती मिळणं आणि ती पाठवणं यांत अंतर ठेवायची सवय नाही. काकांच्या मते कागद वाचला म्हणजे तो सर्वांचा झाला असं नव्हे. आधी थोरल्यांनी बसायचं, मग ठरवायचं. मला तेव्हा काकांचं म्हणणं जुनाट वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. पण पुतणीचंही चुकलं नव्हतं. तिनं ते रेकॉर्डिंग पुसलं नाही आणि कुणाला पाठवलंही नाही. उरलेले 29 कागद पुढच्या रविवारी, असं ठरलं. पुढच्या रविवारी काकांना ताप, त्यापुढच्या आठवड्यात पुतणी कंपनीच्या कामावर बाहेरगावी, मग मार्च 2020. काका मे 2021 मध्ये गेले. गहाणखताची गोष्ट आज मी सांगतो आहे ती आत्यांची परवानगी घेऊन.

आता माझ्या पिढीचं सांगतो. 1999 ते 2003 या काळात मी आमच्या घराण्याची हकीकत संगणकावर टाइप केली होती. आत्या सांगत आणि मी लिहीत असे. साठ-सत्तर पानं झाली. फ्लॉपीवर उतरवून ठेवली, ट्रंकेत रुमालाशेजारी. गेल्या वर्षी मुलानं कुठून तरी फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळवलं. चार फ्लॉप्यांपैकी एकच उघडली, आणि पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. त्या काळच्या मराठी फाँटांत प्रत्येक अक्षर आतून एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. तो विशिष्ट फाँट असला तरच मराठी दिसणार, नाही तर नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आमच्या छापखान्यांत आणि घरांत ती पोचायला फार वर्षं लागली. या सभागृहात बसलेल्या संपादकांना हे दुखणं माहीत असेल. जुन्या अंकांच्या फाइली आहेत, पण उघडत नाहीत.

म्हणजे 1911 चा कागद आजही वाचता येतो, मोडी येणारा माणूस मिळाला की झालं. माझी 1999 ची फ्लॉपी माझ्या हयातीतच मुकी झाली. आम्ही स्वतःला आधुनिक म्हणवत होतो.

तिसरी पिढी माझ्या मुलाची. तो हैदराबादेत शिकला. शाळेत इंग्रजी, तेलुगू, हिंदी. तेलंगणात 2018 च्या कायद्यानं शाळेत तेलुगू सक्तीची झाली, आणि तीत काही वाईट नाही, आपण ज्या मुलखात राहतो त्याची भाषा आलीच पाहिजे. माझी तक्रार स्वतःशी आहे. मराठी घरात बोलली की पुरे, असं मी समजलो. तो मराठी छान बोलतो, देवनागरी हिंदीमुळे वाचतो, पण मराठी लिहितो ती इंग्रजी अक्षरांत. एकदा माझ्या बहिणीनं नांदेडहून निरोप पाठवला, तोही इंग्रजी अक्षरांत, कारण घाईत तेच सोपं. आईच्या पोटात कळ आहे, असा. मुलानं वाचलं ‘कल’. कळ हा शब्द त्याला माहीत नव्हता. त्याला वाटलं, पोटाची काही तपासणी उद्या आहे. मला सांगितलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चहा पिताना. आईचं ऑपरेशन वेळेत झालं, पण तो एक दिवस गेला तो ल आणि ळ यांच्यामुळे. इंग्रजी अक्षरांत काल, काळ, कल, कळ सगळे एकाच दारातून येतात, आणि बोलणाऱ्याच्या कानात शब्द नसेल तर कुठला आला हे कळत नाही.

माझी आई, वय 84, यातलं काही करत नाही. ती फोनचं बटण दाबून बोलते आणि पाठवते. तिचे निरोप ऐकताना मुलाला एक शब्द अडत नाही, आणि न कळलेला शब्द तो तिला विचारतो. लिहिण्यावाचून तिचं काहीच अडलेलं नाही. फक्त छापील अक्षर दिसलं की ती विश्वास ठेवते, हा तिचा दोष. पण तो दोष कुठून आला? तिच्या लहानपणी छापलेला शब्द संपादकाच्या, मुद्रितशोधकाच्या हाताखालून गेलेला असे. सुलतान बाजारातून आणलेल्या पुस्तकावर ती शंका कशी घेणार? तोच विश्वास ती आज फोनवर आलेल्या मजकुरावर टाकते. मुलगा कुणावरच विश्वास नाही म्हणतो, आणि शोध घेतल्यावर पहिल्या ओळीत जे येतं ते मात्र बिनशर्त मानतो. दोघांत भाबडं कोण, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सेतुमाधवराव पगडींचं नाव या सभागृहात अनेकदा घेतलं जातं. 1910 सालचा निलंग्याचा जन्म, हैदराबाद संस्थानातली नोकरी, आणि फारसी, उर्दू, तेलुगू, गोंडी अशा भाषांत सहज वावर. आपल्याला वाटतं, ती विद्वत्ता. असेलच. पण त्या पिढीतल्या साध्या कारकुनालाही तीन लिप्या येत, कारण त्याशिवाय पोट भरत नसे. आपल्या पोटापाण्याला त्यांची गरज उरली नाही, म्हणून त्या सुटल्या. मुद्दाम कुणी टाकल्या नाहीत.

आता यंत्र मोडी शिकतं आहे. 2014 साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. 2025 मध्ये रूरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी हस्तलिखित मोडीचं देवनागरी करणारी प्रणाली तयार केली, आणि तिला शिकवण्यासाठी दोन हजारांवर पानांचे नमुने जाणकारांकडून वाचून घेतले. हे ऐकून पुतणीला फार आनंद झाला. तिनं लगेच फोनमधलं एक साधन आमच्या कागदांवर चालवून पाहिलं. शिक्क्यावरची छापील उर्दू त्यानं बरी वाचली. हाताच्या लिखाणाशी आल्यावर त्यानं जे सांगितलं, त्यात आमच्या पणजोबांचं नाव एका भाजीचं झालं होतं. आम्ही हसलो. पण यंत्र चुकलं हे आम्हांला कळलं ते नाव आधी माहीत होतं म्हणून. उरलेल्या कागदांतली नावं आम्हांला माहीत नाहीत. तिथं यंत्रानं भाजी सांगितली तर आम्ही मुकाट्यानं ती वंशावळीत लिहू.

काकांच्या आवाजातले चौदा कागद पुतणीनं तीन ठिकाणी जपून ठेवले आहेत. त्यांत मधेच खोकला आहे, बाहेरच्या ऑटोचा हॉर्न आहे, आणि एका ठिकाणी काका थांबून सांगतात, “हा शब्द ‘तसर्रुफ’. म्हणजे ताबा. पण नुसता ताबा नव्हे, वापरायचा हक्क.” यंत्राकडून मला असली टीप हवी आहे.

घर का गहाण पडलं, हे आम्हांला अजून ठाऊक नाही. गहाणखताला टाचलेला पंधरावा कागद पूर्ण मोडीत आहे, एका सलग रेघेखाली, शब्दांत अंतर नसलेला. कारण त्यात असावं असं वाटतं. आत्या 86 वर्षांच्या आहेत आणि त्यांना ते जाणून घ्यायचं आहे. पुरात घर गेलं ही गोष्ट त्यांनी आम्हांला सांगितली होती.

तेव्हा विनंती एवढीच, की इथं मोडी वाचणारे कुणी असतील, थोडीफार येत असली तरी चालेल, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर कृपया थांबावं. पुतणी मागच्या रांगेत, खांबाजवळ बसली आहे. फोटो तिच्या फोनवर आहेत, मोठे करून दाखवील. रेकॉर्ड करायचं की नाही, ते तुम्ही सांगाल तसं.