दाभोळचा धडा : वीजकेंद्र कोणाचे, भार कोणावर?



वीज हवी की नको, हा प्रश्नच नव्हे. विजेवाचून शेतातील पंप चालत नाही, गिरणीचे यंत्र फिरत नाही आणि गरिबाच्या मुलाला रात्री अभ्यास करता येत नाही. खरा प्रश्न असा की, वीजकेंद्र कोणाच्या निर्णयाने उभे राहते आणि त्याचा भार अखेर कोणाच्या शिरावर पडतो? देशात जेथे जेथे वायूवर चालणारे वीजकेंद्र उभारण्याची योजना येईल, तेथील जनतेने दाभोळचा इतिहास प्रथम अभ्यासावा.

नाव दाभोळचे असले तरी हा प्रकल्प खाडीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या परिसरात आहे. आंबा-काजू, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणारी ही गावे. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने स्पर्धात्मक निविदा न मागवता एन्रॉन या अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपनीशी समझोता केला. १९९३ साली जागतिक बँकेनेही हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे सांगून कर्ज नाकारले. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. १९९५ साली नव्या सरकारने तो रद्द केला आणि १९९६ साली त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा मंजूर केला.

गावकऱ्यांचे प्रश्न साधे होते. खाडीतील मासळीचे काय होणार? पिण्याच्या पाण्याचे काय? जमीन गेलेल्यांच्या मुलांना काम मिळणार काय? या प्रश्नांना उत्तर मिळाले ते जमावबंदीचे हुकूम, लाठ्या आणि अटकसत्र यांनी. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवस्तीत शिरले आणि स्त्रियांना घरांतून ओढून नेण्यात आले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ साली व ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली या दडपशाहीची नोंद जगापुढे मांडली.

रोजगाराचे आश्वासनही नीट तपासले पाहिजे. वायुकेंद्रात जळत्या वायूने एक टर्बाइन फिरते आणि त्याच्या उष्णतेने वाफ करून दुसरे फिरवले जाते. कोळशाच्या मानाने धूर व राख कमी, हा त्याचा खरा गुण. परंतु असे केंद्र चालवण्यास माणसे थोडी लागतात. बांधकामावर हजारो हात राबतात. बांधकाम संपले की त्यांतील बहुतेकांचे काम संपते.

आता किमतीचा हिशेब पाहा. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला, तोही वायूऐवजी महागड्या नाफ्त्यावर. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागे आणि दर डॉलरशी जखडलेला होता. काही महिन्यांत एका युनिटला सात रुपयांहून अधिक मोजावे लागले. मे २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली, डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले आणि केंद्र पाच वर्षे बंद पडले. ते सावरण्यास २००५ साली एनटीपीसी व गेल या सार्वजनिक उद्योगांनाच पुढे यावे लागले. नफ्याची हमी खासगी मालकाला आणि बुडीत भार जनतेला, असा हा व्यवहार! पुढे देशी वायूचा पुरवठा आटल्याने २०१३ साली ते पुन्हा थंडावले. २०१५ साली रेल्वेसाठी सुमारे ५०० मेगावॉट निर्मिती सुरू झाली; प्रकल्पाची क्षमता मात्र १,९६७ मेगावॉटची!

म्हणून प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या ठिकाणी तीन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, वीजखरेदीचा संपूर्ण करार सही होण्यापूर्वी जनतेपुढे ठेवा. दुसरी, इंधन कोठून व कोणत्या दराने येणार, हे निश्चित झाल्याशिवाय जमिनीला हात लावू नका. तिसरी, शेतकरी, मच्छीमार आणि भूमिहीन शेतमजूर यांच्या उपजीविकेचा व कायम नोकरीचा लेखी करार आधी करा.

वेलदूरच्या स्त्रियांनी विजेला विरोध केला नव्हता. आपल्या जगण्याचा हिशेब मागितला होता. तो हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येक गावाचा आहे, आणि तो एकजुटीनेच मिळवावा लागेल.