प्रकल्पांच्या आढावा बैठका : अहवालाकडून निर्णयाकडे



प्रकल्प ठरलेल्या वेळापत्रकापासून व खर्चापासून कोठे ढळला आहे हे वेळीच ओळखून त्याविषयी निर्णय घेणे, हे आढावा बैठकीचे खरे प्रयोजन होय. झालेल्या कामाची माहिती लेखी अहवालातूनही कळू शकते. परंतु भूसंपादन रखडले असता रस्त्याआधी पुलाचे काम हाती घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी संबंधित विभागांना समोरासमोर बसावेच लागते. ज्या बैठकीतून असा एकही निर्णय बाहेर पडत नाही, ती कितीही शिस्तीत पार पडली तरी निष्फळच होय.

निर्णय योग्य व्हायचा तर बैठकीपुढे येणारी माहिती खरी असावी लागते, आणि नेमके तेथेच घोडे अडते. अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सप्टेंबर २००६ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतल्यावर अ‍ॅलन मुलाली यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांची साप्ताहिक आढावा बैठक सुरू केली, आणि काम सुरळीत असल्यास हिरवा, अडचण असूनही उपाय ठरला असल्यास पिवळा व उपाय सापडला नसल्यास लाल रंग तक्त्यावर दाखवावा, असा दंडक घातला. त्या वर्षी कंपनीला साडेबारा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, तरीही सुरुवातीच्या बैठकांतील तक्ते हिरवेगारच राहिले. अखेर त्यांपैकी एक अधिकारी मार्क फील्ड्स यांनी ‘एज’ या नव्या मोटारीच्या मागील दरवाजाशी संबंधित दोषामुळे आपल्या तक्त्यावर लाल रंग दाखवला, तेव्हा मुलाली यांनी टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत केले व या कामी कोण मदत करू शकेल, असे विचारले; त्याबरोबर इतर विभागांचे अधिकारी पुढे सरसावले. पुढील काही आठवड्यांत इतरांचे तक्तेही खरे रंग दाखवू लागले, कारण अडचण सांगणाऱ्याची खरडपट्टी निघत नाही, याची खात्री सर्वांना पटली होती.

माहिती प्रामाणिक असूनही मोजमाप सदोष असेल, तर दिशाभूल होतेच. आर्थिक प्रगती म्हणजे झालेला खर्च आणि भौतिक प्रगती म्हणजे प्रत्यक्ष उभे राहिलेले काम. या दोहोंची सांगड घालण्यासाठी अर्जित मूल्य, म्हणजे पूर्ण झालेल्या कामाची मूळ अंदाजपत्रकानुसार होणारी किंमत, विचारात घ्यावी लागते. समजा, १० कोटी रुपयांच्या प्रकल्पात आजपर्यंत ५ कोटींचे काम अपेक्षित होते व खर्चही ५ कोटीच झाला. केवळ खर्च पाहिला तर सर्व आलबेल वाटते, परंतु पूर्ण झालेल्या कामाचे मूल्य ३.५ कोटी असेल, तर काम मागे पडले आहे आणि महागही झाले आहे. ‘काम प्रगतिपथावर आहे’ या ठरावीक वाक्याआड हीच तफावत दडून राहते.

बैठकीची पद्धतही या प्रयोजनाला साजेशी असावी. अ‍ॅमेझॉन कंपनीत जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतील पडद्यावरची सादरीकरणे बंद करून सलग गद्यात लिहिलेले टिपण आणण्याची व बैठकीच्या आरंभी ते सर्वांनी शांतपणे वाचण्याची प्रथा पाडली, कारण पूर्ण वाक्यांत लिहिताना विचारातील उणीव लपवणे कठीण जाते. सुरळीत चाललेली कामे टिपणापुरती ठेवून चर्चेचा वेळ अडलेल्या कामांना द्यावा; प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व मुदत इतिवृत्तात नोंदवावी; आणि पुढील बैठकीचा पहिला विषय मागील निर्णयांचे अनुपालन हाच असावा.

या सर्वांची जबाबदारी अंतिमतः बैठकीच्या अध्यक्षावर येते. कामाच्या ठिकाणचा कनिष्ठ अभियंता उशिराची बातमी महिनाभर आधी सांगतो, तेव्हा तो संस्थेचा पैसा व प्रतिष्ठा दोन्ही वाचवत असतो. म्हणून त्याला जाब विचारण्याआधी ‘काय मदत हवी?’ असे विचारण्याचा नियम या परिषदेच्या सदस्य अभियंत्यांनी व व्यवस्थापकांनी आपापल्या कार्यालयांत लागू करावा, अशी आग्रहाची सूचना अध्यक्षपदावरून करण्यात येत आहे.